अर्धवट किट कार घेतोयस? आधी कागदं बघ
मित्रा, इकडे यूकेत कुणाची अर्धवट सोडलेली किट कार (सुट्या भागांचा संच घेऊन स्वतः जोडायची गाडी) घेताना चकचकीत बॉडीवर जाऊ नकोस, आधी फाइल माग. किटची पावती, ज्या जुन्या गाडीचे पार्ट वापरलेत तिचं लॉगबुक (नोंदणीचा कागद), इंजिन कोणत्या सालचं त्याचा पुरावा, कारण इमिशनची लिमिट त्यावरच ठरते आणि गाडीचं वय सिद्ध नाही झालं तर क्यू प्लेट (वय नक्की नसलेल्या गाडीला देतात ती क्यू अक्षराची नंबर प्लेट) मिळते. आधीच्या माणसाने केलेले ब्रेक पाइप, वायरिंग सगळं स्वतः उघडून बघ, प्लीज, जिवाचा प्रश्न आहे. आयव्हीए टेस्टला (अशी गाडी रस्त्यावर आणण्याआधीची सरकारी तपासणी) लोक बारीकसारीक गोष्टींवर अडकतात, बाहेरच्या धारदार कडा किमान २.५ मिमी गोल लागतात, मी तर बोल्टांवर टोप्या बसवत दोन रात्री जागलोय. आणि कामाचे फोटो आजपासूनच काढत जा, गाडी तू स्वतः बनवलीस हे दाखवावं लागतं.