आईच्या जुन्या पैठणीवर कोणत्या डिझाइनचा ब्लाऊज शिवावा?

आईची जांभळी पैठणी, पदरावर मोर, ब्लाऊजपीस उरलेला नाही, भावाचं लग्न, आणि मनात बोट नेक (पुढून खांद्यापासून खांद्यापर्यंत आडवा, उथळ गळा), मागे खोल गळा, पाठीवर आरी वर्कचा, म्हणजे आकडीच्या सुईने भरलेला मोर. तुमचा प्रश्न एवढाच आहे ना? मी ब्लाऊज शिवते, त्यामुळे टेलरच्या बाजूने सांगते.

इन्स्टाग्रामवर सेव्ह केलेल्या फोटोंत पदर कुठे आहे ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी तो पुढे ओढून घेतलेला असतो, म्हणून अख्खी पाठ दिसते. तुम्ही नेसाल तेव्हा पदर डाव्या खांद्यावरून मागे जाणार आणि निम्मी पाठ झाकणार. पैठणीचा पदर मिरवायचाच असतो, तो सुटा सोडलात तर डावी बाहीही त्याखाली जाते. म्हणजे पाठीवरचा मोर अर्धाच दिसेल. शिवाय पदरावर मोर आहेतच म्हणता, मग पाठीवर आणखी एक कशाला?

माझं मत विचाराल तर खर्च बाहीवर करा, उजवी तरी पूर्ण दिसते. कोपरापर्यंत बाही, खाली रुंद काठ, वर कापड साधं. पफ नको. जरीचा काठ ताठ असतो, त्याला चुण्या घातल्या की नक्षी मोडते आणि दंड उगीच जाड दिसतो. कापडावर बुट्ट्या असतील तर कटोरीऐवजी (तुकडे जोडून केलेल्या वाटीच्या आकाराऐवजी) साधे टक्स, म्हणजे आतून शिवलेल्या चुण्या घ्या, जोड कमी येतात आणि बुट्टी मधोमध कापली जात नाही.

कापड आणायला जाताना साडी बरोबर न्या आणि दुकानाबाहेर उजेडात जुळवा. जुन्या जरीचा रंग उतरून मंद झालेला असतो, शेजारी नवी पिवळीजर्द जर आली की साडीच फिकी वाटते. म्हणून मी तुम्हाला खण सुचवेन. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण, हिरवा नाहीतर डाळिंबी. (इरकल साडीवर खण शोभतो त्यात नवल नाही, ती जिथली ते इलकल आणि गुळेदगुड्ड दोन्ही बागलकोट जिल्ह्यातच, पण पैठणीवरही तो छान बसतो.) खणाचा पन्हा अरुंद असतो. मोठी बाही हवी आहे हे दुकानदाराला सांगून कापड जास्त घ्या.

गळा दागिन्यांवरून ठरवा. ठुशी घालणार असाल तर बोट नेक सोडा. ठुशी गळ्यालगत बसते, ती कातडीवर उठून दिसते, कापडावर चढली की सारखी सरकवत बसावं लागतं. चौकोनी किंवा पान गळा घ्या. नुसता लांब लक्ष्मीहार घालणार असाल तर बोट नेक खुशाल शिवा.

मागचा गळा खोल चालेल, पण वर दोरी हवीच, नाहीतर खांदे उतरतात. लटकनं हलकी लावा. जड लटकन पदराच्या जरीत अडकतं, आणि जुन्या रेशमाचा धागा एकदा ओढला गेला की तो पूर्ववत होत नाही.

आरी वर्क करायचंच असेल तर बाहीवर बारीक करा. ते कापड बेतायच्या आधी करतात. टेलर मापं आखून देतो, काम झाल्यावर कापड कापतो. म्हणजे टेलर आणि आरी काम करणारा, दोघांचा वेळ धरा. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे रीघ लागते, तेव्हा निदान महिनाभर आधी कापड द्या. सुती अस्तर भिजवून, वाळवून मगच लावायला सांगा आणि दोन्ही कडांना इंचभर तरी माया (शिवणीच्या आत जास्तीचं कापड) ठेवून घ्या.

ट्रायल घेताना नुसतं आरशासमोर उभं राहू नका. अक्षता टाकताना जातो तसा हात वर करा, नमस्काराला वाका. मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, ओढ बसली तर तिथल्या तिथे सांगा. हळदीच्या दिवशी उसवून द्यायला कोणालाच वेळ नसतो.