कार्ड एक, मागणारे दहा: जीपीयू शेअरिंगचे तुमचे प्रश्न

एकच जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स आणि एआयची आकडेमोड करणारं कार्ड, चारपाच जणांत कसा वाटायचा यावर याही महिन्यात ढीगभर प्रश्न आलेत, आणि गोंधळ तोच. "व्हर्च्युअल" असं कुणी म्हटलं की सगळ्यांना सगळं एकच वाटतं. निवडक घेतेय.

मॅडम, लॅबमधल्या पीसीत आरटीएक्स ४०९० आहे. मिग लावून सात भाग होतील ना?

नाही. मिग म्हणजे एका जीपीयूचे हार्डवेअरमध्येच वेगळे भाग करायची एनव्हिडियाची सोय, ती त्या कार्डात नाहीच, व्हिडिओत कुणी काहीही दाखवो.

बायोसमध्ये एसआर-आयओव्ही ऑन केलं, तरी लिनक्समध्ये काहीच दिसत नाही. कार्ड खराब आहे का?

खराब नसावं. बायोसमधलं ते बटण म्हणजे नुसती परवानगी. एसआर-आयओव्हीत कार्डच स्वतःला अनेक कार्डं म्हणून दाखवतं, मूळ एक फिजिकल फंक्शन आणि त्याच्या पोटात बरीच व्हर्च्युअल फंक्शन्स, आणि त्यातलं एकेक व्हीएमला, म्हणजे मशीनच्या आत चालणाऱ्या आभासी मशीनला, देता येतं. पण त्यासाठी कार्डात सोय हवी, ड्रायव्हरचा सपोर्ट हवा, आयओएमएमयू (डिव्हाइसला ठरलेल्या मेमरीपुरतंच ठेवणारी सोय) चालू हवं आणि किती फंक्शन्स हवीत तो आकडा तुम्हालाच लिहावा लागतो, जो रीबूट झाला की परत शून्य होतो. स्पेसिफिकेशन २००७ चं आहे, सर्व्हरच्या नेटवर्क कार्डांत ते आता सर्रास असतं, जीपीयूत मात्र मॉडेल बघूनच बोलावं लागतं. मॉडेल नंबर घेऊन सर्व्हरवाल्या इंजिनिअरला विचारा.

आमचा पुण्यात छोटा स्टार्टअप आहे. एकाने "डेडिकेटेड पाव जीपीयू" स्वस्तात दिलाय, ए१०० चा. पण मधेच मेमरी संपली म्हणून ट्रेनिंग पडतं, आम्ही तर १० जीबीसुद्धा वापरत नाही. डेटा पेशंटच्या रिपोर्ट्सचा आहे, काही धोका?

आहे, आणि हे "डेडिकेटेड" प्रकरण आता डोक्यात जायला लागलंय. आधी एक करा, रात्री तुमचं सगळं बंद ठेवा आणि कंटेनरमधून, म्हणजे तुमचे प्रोग्राम ज्या वेगळ्या कप्प्यात चालतात तिथून, एनव्हिडिया-एसएमआय ही कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड चालवा. एकूण मेमरी पूर्ण ४० जीबी दिसतेय, आणि तुमचं काहीही चालू नसताना त्यातली बरीचशी वापरात दिसतेय? मग तुम्हाला पाव जीपीयू मिळालेला नाही, टाइम-स्लायसिंग मिळालंय, म्हणजे अख्खं कार्ड पाळीपाळीने. कुबरनेटीस या मशिन्सवर कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एका कार्डापुढे "चार" लिहिलं की कामं वाटणाऱ्या शेड्युलरला चार कार्डं दिसतात, बस, एवढंच होतं. विहिरीवर पाळ्या लावल्या म्हणून पाणी वाटलं जात नाही, शेजाऱ्याने जास्त उपसलं की तुमची मोटर कोरडी. मेमरीला कुठलीच हद्द नसते, म्हणून त्याने ३५ जीबी घेतली की तुमचं ट्रेनिंग पडणारच.

मिगमध्ये खरी वाटणी होते. ४० जीबीच्या ए१०० चे जास्तीत जास्त सात भाग, सर्वात लहान भागाला ५ जीबी, आणि प्रत्येकाची कॅश आणि मेमरीचा रस्ताही वेगळा. फुकट नाही हं हे, कार्डातल्या १०८ एसएमपैकी, म्हणजे आकडेमोडीच्या युनिट्सपैकी, मिगमध्ये ९८ च वापरता येतात आणि शेजारचा भाग रिकामा पडला तरी तुम्हाला उसना मिळत नाही. व्हीजीपीयू, म्हणजे व्हीएमना कार्ड वाटून देणारं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर, या दोघांच्या मधला, त्याच्या नेहमीच्या प्रकारात व्हीएमची मेमरी ठरलेली आणि वेळ वाटलेला, वर लायसन्सचा खर्च. तिन्ही चालतात, पण पैसे कशाचे देताय ते कळायला हवं की नको?

राहिला डेटा. जानेवारी २०२४ मध्ये लेफ्टओव्हर-लोकल्स नावाची त्रुटी जाहीर झाली, ॲपल, एएमडी, क्वालकॉम वगैरेंच्या काही जीपीयूंवर एका प्रोग्रामचं लोकल मेमरीत राहिलेलं दुसऱ्याला वाचता येत होतं. एनव्हिडिया त्यात नव्हतं, उगाच घाबरवत नाही. पण वाटणी कुठल्या पद्धतीची, शेजारी कोण, आणि भाग दुसऱ्याला देण्याआधी मेमरी पुसतात का, हे तीन प्रश्न ईमेलवर विचारा, फोनवर नको. उत्तर गोलगोल आलं तर रिपोर्ट्स तिथून आजच काढा, आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा बघणाऱ्या वकिलाशी बोला, माझ्या भरवशावर राहू नका.

जीफोर्स व्हीएमला द्यायचंय. कोड ४३ येऊ नये म्हणून व्हीएम असल्याचं लपवायला सांगतात, खरं का?

जुनं झालं. व्हीएम दिसलं की जीफोर्सचा ड्रायव्हर कोड ४३ ही एरर देऊन अडायचा, २०२१ च्या ४६५ ड्रायव्हरपासून लपवायची गरज नाही. आणि पासथ्रू म्हणजे अख्खं कार्ड एकाच व्हीएमला, यात शेअरिंग कुठंय?

आयओएमएमयू ग्रुप फुटत नाहीत, एसीएस ओव्हरराइड पॅच मारू का?

घरी खुशाल मारा. गिऱ्हाइकाच्या मशीनवर अजिबात नको. एका ग्रुपातली डिव्हाइसेस एकमेकांपासून तोडलेली आहेत याची हार्डवेअरकडून (हे तोडणं म्हणजेच एसीएसचं काम) खात्री नाही म्हणून ती एकत्र असतात, पॅचने फक्त लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, डोळे मिटतो. दुसरा स्लॉट वापरून बघा, नाहीतर बोर्ड बदला.

हे सगळं जीपीयूपुरतंच का?

नाही. इंटेलच्या झिऑन या सर्व्हर-चिपच्या चौथ्या पिढीत डेटा हलवणारा डीएसए प्रोसेसरमध्येच आहे, अनेक प्रोसेस त्याच्या एकाच रांगेत थेट काम टाकतात आणि कुणाचं काम ते पासिड नावाच्या नंबरवरून कळतं. कॉम्प्रेशन-एन्क्रिप्शनचा क्यूएटी मात्र काही मॉडेल्समध्ये बंदच असतो. ऑर्डरआधी स्पेक शीट वाचा.

कॉलेजच्या ए१०० वर मिग लावायचं वर्षभर चाललंय. आता सबमिशनच्या आठवड्यात उरकू का?

वर्षभर झोपलात आणि आता सबमिशनमध्ये? नको. ए१०० वर मिग मोड चालू करताना जीपीयू रीसेट होतो, म्हणजे आधी सगळे जॉब बंद करावे लागतात. सुट्टी लागल्यावर सिस्टिम ॲडमिनला शेजारी बसवून करा, आणि रीबूटनंतर केलेले भाग उडतात, ते परत बनवणारी स्क्रिप्ट त्याच दिवशी लावून घ्या.