आधी आजीला बोलावणं पाठव

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. किटातल्या, म्हणजे तिकडच्या जर्मन बालवाडीतल्या, तुझ्या गटात चार कुर्दी मुलं आहेत, त्यांना त्यांच्या गोष्टी सोप्या जर्मनमध्ये सांगू का, असं तू विचारलंयस. नको सांगूस. निदान आधी तू नको. त्यांच्या आज्यांना बोलाव.

धडगावकडे शिकवत असताना एका पावरी बोलणाऱ्या आजीची गोष्ट मी स्वच्छ मराठीत करून वर्गात सांगितली होती. तिचा नातू शेवटी म्हणाला, "ही आमची नाही." इतकी वर्षं झाली, ते वाक्य अजून बोचतं.

पहिल्यांदा प्रत्येक घरी विचार, आजी बोलते काय? तुर्कस्तान किंवा सीरियातून आलेलं घर बहुधा कुर्मांजी बोलेल, इराकमधल्या सुलेमानियाकडचं सोरानी, तुर्कस्तानातल्याच देरसीमकडचं कदाचित झाझाकी. सगळ्यांना 'कुर्दी' म्हणून एकाच गोष्टीपुढे बसवलंस, तर एखादं मूल तिथेही परकंच राहील.

आई गप्प राहिली तर तिला आस्था नाही असं समजू नकोस. तुर्कस्तानात १९८३ ते १९९१ या काळात कुर्दीतून विचार मांडायला कायद्यानेच बंदी होती, आणि शाळा तर त्याआधीपासून तुर्कीच. लोक दारं लावून आर्मेनियातल्या येरेवान रेडिओवर देंगबेजांचे, म्हणजे त्यांच्या कथागायकांचे, आवाज ऐकत. त्या काळात वाढलेल्या कित्येक आयांना गोष्ट कळते, पण तोंडातून निघत नाही. म्हणून तिलाही आजीशेजारी बसव. ऐकता ऐकता एखादा शब्द ती पुरवेल, तेवढं पुष्कळ.

'लोककथा सांगा' असं आजीला म्हणू नकोस. ती म्हणेल, मला कुठलं येतंय, ते देंगबेजांना ठाऊक. तिच्यासोबत द्राक्षाच्या पानांत भात भरायला बस आणि सहज विचार, "त्या शेपूट कापलेल्या कोल्ह्याचं पुढे काय झालं हो?"

'पीरे ऊ रोवी', म्हातारी आणि कोल्हा. सुरुवात याच गोष्टीने कर. कोल्हा म्हातारीचं दूध पिऊन टाकतो, ती त्याचं शेपूट कापते. शेपूट हवं तर दूध आण. शेळी म्हणते, आधी पाला आण. झाड म्हणतं, पाणी आण. झरा म्हणतो, माझ्या काठी नाचायला मुली आण. मुलींना नवे जोडे हवेत, चांभाराला अंडी, कोंबड्यांना दाणे. हे मी ऐकलेलं रूप, घरोघरी साखळी बदलते. प्रत्येक नव्या दारात कोल्हा मागची सगळी मागणी पुन्हा म्हणतो, म्हणून ज्याला कुर्मांजीचा गंधही नाही ते मूलसुद्धा तिसऱ्या-चौथ्या दारापासून सुरात सूर मिळवतं. तुझी जर्मन मुलंही मिळवतील. भाषांतर करायची घाई करू नकोस. चित्रं दाखव, हातवारे कर.

आरंभीचं 'हेबू तुने बू', म्हणजे 'होतं, नव्हतं', आणि त्यापाठोपाठ ऐकणाऱ्यांच्या आईबापांसाठी मागितलेली दुवा कधीही गाळू नकोस. 'आटपाट नगर होतं' ऐकल्यावर आपण जसे सरसावून बसायचो, तसंच ते आहे. शेंगे-पेंगे या शेळीच्या करडांच्या गोष्टीत लांडगा करडं गिळतो, तेही गिळू दे. शेळी शिंगं रोखून लांडग्यावर जाते, त्यातली ताकद त्याशिवाय मुलांना कशी कळणार?

आवाज मुद्रित करायचा तर आधी परवानगी घे आणि पहिली प्रत त्या घरी दे. आजी अडखळली, एखादा तुकडा दोनदा आला, तरी काहीही छाटू नकोस.

आजीसाठी खुर्ची ठेव, मुलं तिच्या पायाशी बसू देत. पहिल्या दिवशी एकच गोष्ट. आणि त्यांच्या साखळीत झऱ्याने काय मागितलं, ते मला न विसरता कळव.

तुझ्या बाई