मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर थॉमस हचिन्सन हा खरोखरच देशद्रोही होता का?

अमेरिका स्वतंत्र होण्याआधी मॅसॅच्युसेट्स या ब्रिटिश वसाहतीचा कारभार पाहणारा आणि अमेरिकेच्या शालेय इतिहासात खलनायक ठरलेला हा गव्हर्नर स्वतः बोस्टनचाच असूनही इंग्लंडच्या बाजूने का उभा राहिला, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो देशद्रोही नव्हता. कायद्याच्या अक्षराला चिकटून बसणारा हट्टी माणूस होता आणि तोच हट्ट त्याला भोवला.

1711 मध्ये बोस्टनच्या व्यापारी घराण्यात जन्मलेला हचिन्सन बाराव्या वर्षी हार्वर्डमध्ये दाखल झाला, 1737 मध्ये विधिमंडळात निवडून आला आणि पुढे सभापतीही झाला. त्या काळी मॅसॅच्युसेट्समध्ये कागदी चलनाची किंमत पार घसरली होती. लुईबर्ग या कॅनडातील फ्रेंच किल्ल्यावरच्या मोहिमेचा खर्च म्हणून ब्रिटिश संसदेने दिलेले 1,80,000 पौंडांहून अधिक नाणे वापरून त्या नोटा बाद करण्याची योजना त्याने पुढे रेटली. कर्जदार खवळले आणि 1749 च्या निवडणुकीत तो आपटला. चलन मात्र स्थिरावले. लोकांना रुचेल की नाही याचा हिशेब न करण्याची त्याची खोड तेव्हाच दिसली होती.

1758 मध्ये तो नायब गव्हर्नर झाला आणि 1760 मध्ये, वकिलीचे शिक्षण नसताना, ते पद न सोडता मुख्य न्यायाधीशही झाला. नातलगांनाही मोठ्या जागा मिळत गेल्या. यावरचा लोकांचा राग अगदीच निराधार नव्हता.

26 ऑगस्ट 1765 ची रात्र मात्र अन्यायाची होती. वसाहतींतल्या कागदपत्रांवर कर लावणाऱ्या ब्रिटिश संसदेच्या स्टॅम्प ॲक्टला त्याचा खाजगीत विरोध होता, पण संसदेचा कायदा पाळलाच पाहिजे असेही तो म्हणे आणि लोकांच्या कानावर एवढेच पडले. घरची मंडळी रात्रीच्या जेवणाला बसलेली असताना जमाव चालून येत असल्याची वर्दी आली. तो थांबायला तयार होता, पण तुम्ही निघाल्याशिवाय मीही हलणार नाही, असे थोरल्या मुलीने बजावल्यामुळे त्याला निघावे लागले. कुऱ्हाडींनी दारे फुटली, तळघरातली दारू संपली, सुमारे 900 पौंड रोकड गेली आणि पहाटेपर्यंत उघड्या भिंती नि जमीन एवढेच उरले. मॅसॅच्युसेट्सच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडाचे त्याचे हस्तलिखितही रस्त्यावरच्या चिखलात फेकले गेले. अँड्र्यू इलियट या पाद्र्याने त्याची पाने गोळा केली, म्हणून तो खंड 1767 मध्ये छापता आला.

1771 मध्ये तो गव्हर्नर झाला. दोनच वर्षांनी, वसाहतीत इंग्रजी स्वातंत्र्यांना काही कात्री लागणे अटळ आहे, अशा आशयाची त्याची जुनी खाजगी पत्रे वसाहतीचा लंडनमधला प्रतिनिधी बेंजामिन फ्रँकलिन याच्यामार्फत बोस्टनला पोहोचून छापली गेली आणि उरलीसुरली पत गेली. त्याच वर्षाअखेर ईस्ट इंडिया कंपनीचा चहा आला. त्यावर ब्रिटिश संसदेने लावलेली जकात बोस्टनकरांना मान्य नव्हती. तो उतरवून घेणाऱ्या अडत्यांत त्याची दोन मुलेही होती. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क या बंदरांतून चहाची जहाजे परत गेली. इथे जकात भरल्याविना परतीचा परवाना देणार नाही, यावर हचिन्सन अडून बसला. परवाना नाकारल्याचा निरोप 16 डिसेंबरच्या संध्याकाळी बोस्टनकरांच्या निषेध सभेत पोहोचला आणि त्याच रात्री आंदोलकांनी चहाच्या 342 पेट्या समुद्रात फेकल्या; हीच ‘बोस्टन टी पार्टी’. त्याची खरी चूक मला इथे दिसते: एका सहीने टळू शकणारा प्रसंग त्याने नियमावर बोट ठेवून ओढवून घेतला.

जून 1774 मध्ये तो इंग्लंडला निघाला, तो परत येण्याच्या बेतानेच. पुढे त्याची मालमत्ता जप्त झाली. ऑक्सफर्डने त्याला मानद पदवी दिली, तो दिवस होता 4 जुलै 1776, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचाच दिवस. जून 1780 मध्ये लंडनजवळ तो वारला, तेव्हा लंडनमध्येही दंगल पेटलेली होती.