फॉर्म्युला वन सुरक्षित झाल्यामुळे त्यातला थरार संपला आहे का?

हेलो (चालकाच्या डोक्याभोवतीची संरक्षक कमान), सेफ्टी कार (धोका असताना सर्वांना आपल्यामागे सावकाश चालवणारी गाडी) आणि शर्यत थांबवण्यासाठी ऊठसूट दाखवले जाणारे लाल झेंडे यांमुळे फॉर्म्युला वन मिळमिळीत झाले आहे का, आणि जुन्या चालकांचे धाडस आताच्या चालकांत उरले आहे का, असे आपण विचारले आहे. गेली वीस वर्षे मी हा खेळ नेमाने पाहत आलो आहे आणि माझे उत्तर 'नाही' असे आहे. थरार काही अंशी ओसरला आहे हे मला मान्य आहे, पण त्याचे खापर सुरक्षिततेवर फोडणे मला अन्यायाचे वाटते.

ज्या जुन्या काळाबद्दल आपण बोलतो, तो प्रत्यक्षात कसा होता हे आधी पाहू. 1966 साली बेल्जियममधील स्पा येथे पहिल्याच फेरीत मुसळधार पावसाने गाठले आणि जॅकी स्ट्युअर्ट यांची गाडी रस्ता सोडून बाहेर फेकली गेली. इंधनाची टाकी फुटली होती, स्टिअरिंगमुळे त्यांना हलता येत नव्हते आणि अंगावरचे कपडे पेट्रोलने चिंब झाले होते. एक ठिणगी पडली असती तर सगळे संपले असते. मदतीला आले ते तिथेच घसरून बाहेर गेलेले ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्ड्युरंट हे दोन प्रतिस्पर्धी चालक. स्टिअरिंग सोडवण्यासाठी लागणारा पाना त्यांना एका प्रेक्षकाकडून मागून आणावा लागला. स्ट्युअर्ट यांना बाहेर काढायला सुमारे पंचवीस मिनिटे लागली आणि त्यानंतर त्यांना घेऊन निघालेली रुग्णवाहिका रुग्णालयाचा रस्ता चुकली. पुढे स्ट्युअर्ट आपल्या गाडीत स्वतःचा पाना चिकटवून ठेवू लागले.

याच माणसाने नंतर सुरक्षापट्टे, भक्कम कठडे, सज्ज डॉक्टर आणि अग्निशमनाची व्यवस्था यांसाठी आयोजकांशी उघड भांडण मांडले, तेव्हा अनेकांनी त्यांना भागूबाई ठरवले. तीन वेळा जगज्जेता झालेल्या आणि 99 शर्यतींपैकी 27 जिंकलेल्या चालकाला! आज आपण 'जुने चालक खरे धाडसी' असे म्हणतो, तेव्हा त्या जुन्या चालकांतल्या सर्वांत यशस्वी माणसांपैकी एक आपल्या बाजूने नव्हता हे आपण विसरतो.

1973 सालची नेदरलँड्समधील झांडवूर्टची शर्यत तर मला आजही पूर्ण पाहवत नाही. रॉजर विल्यमसन यांची गाडी उलटून पेटली. डेव्हिड पर्ली यांनी स्वतःची गाडी थांबवली, रस्ता ओलांडून ते धावत गेले आणि उलटी पडलेली गाडी एकट्याने सरळ करण्याची धडपड करत राहिले. जवळ उभ्या असलेल्या मार्शलांकडे, म्हणजे ट्रॅकवरच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांकडे, आगीत शिरता येईल असे कपडेच नव्हते. शर्यत थांबवली गेली नाही. बाकीचे चालक बाजूने जात राहिले, कारण धडपडणारा माणूस हाच पेटलेल्या गाडीचा चालक असून तो सुखरूप बाहेर आला आहे, असा त्यांचा समज झाला. विल्यमसन यांची ती दुसरीच शर्यत होती. जिंकले स्ट्युअर्टच. त्याच वर्षी अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेन येथे पात्रता फेरीत त्यांचे सहकारी फ्रान्स्वा सेव्हेर मृत्युमुखी पडले आणि स्ट्युअर्ट आपल्या शंभराव्या शर्यतीत उतरलेच नाहीत. हा सगळा थरार परत यावा असे कोणी म्हणते, तेव्हा त्याला नेमके काय परत हवे आहे, हे मला खरोखर समजत नाही.

आता हेलोविषयी. 2018 साली तो सक्तीचा झाला तेव्हा गाड्यांना अंगठ्याच्या चपला घातल्यासारखे दिसते, अशी टीका झाली आणि मलाही तो अजिबात आवडला नव्हता. चालक रोमँ ग्रोजाँ यांचाही सुरुवातीला त्याला विरोध होता. 29 नोव्हेंबर 2020 रोजी रात्री मी आणि माझे वडील बहारीनची शर्यत टीव्हीवर पाहत होतो. पहिल्याच फेरीत, पडद्याच्या एका कोपऱ्यात, नारिंगी ज्वाळेचा लोळ उठला. ताशी 192 किलोमीटर वेगाने ग्रोजाँ यांची गाडी लोखंडी कठड्यात शिरली होती, तिचे दोन तुकडे झाले होते आणि चालक बसतो तो भाग कठडा फाडून पलीकडे गेला होता. वडील उठून उभे राहिले. आम्ही दोघेही काही बोललो नाही. मग कॅमेऱ्याने दाखवले की ग्रोजाँ वैद्यकीय गाडीत बसले आहेत आणि त्यांच्या एका पायात बूट नाही. डावा पाय अडकला होता, तो त्यांनी बुटातून ओढून काढला होता. ते सुमारे 28 सेकंद आगीत होते. कठड्याची पाती डोक्यापर्यंत पोहोचू दिली नाहीत ती त्या सात किलोच्या टायटॅनियमच्या कमानीने. त्या रात्रीपासून हेलो मला कुरूप दिसत नाही.

सुरक्षिततेची किंमत मी स्वतः फार लहान प्रमाणावर, पण हाताच्या अंतरावरून पाहिली आहे. पुण्याजवळच्या एका माळावर हौशी ऑटोक्रॉस (मातीच्या मार्गावरची गाड्यांची) शर्यत होती आणि मी तिसऱ्या वळणावर पिवळा झेंडा आणि अग्निशामक सिलिंडर घेऊन मार्शल म्हणून उभा होतो. सकाळच्या स्क्रूटिनीमध्ये, म्हणजे गाड्यांच्या सुरक्षा तपासणीत, एका जिप्सीच्या चालकाला सीटबेल्टची शिवण उसवली आहे म्हणून परत पाठवले होते. तो बराच वाद घालून, शेवटी मित्राच्या गाडीतला बेल्ट बसवून आला होता. दुपारी तीच गाडी माझ्या समोर चरात अडकून उलटली. धुळीमुळे चार पावलांवरचे दिसत नव्हते. मी निळ्या त्रिकोणातले लाल चिन्ह शोधून किल स्विच (गाडीचा वीजपुरवठा तोडणारे बटण) बंद केला आणि खिडकीतून आत वाकलो, तर तो माणूस बेल्टला उलटा लोंबकळत होता आणि मला शांतपणे विचारत होता, "दादा, पंप बंद झाला ना?" त्याच्या मानेला ओरखडासुद्धा नव्हता. तासाभराने तो स्क्रूटिनीच्या टेबलाशी जाऊन सकाळच्या त्या माणसाचा हात हातात धरून उभा होता. त्या दिवशीच्या शर्यतीत थरार कमी होता, असे तिथे उभे असलेल्यांपैकी कोणीही म्हणणार नाही.

मग थरार गेला कुठे? माझ्या मते तो प्रामुख्याने गाड्यांच्या आकारात आणि वजनात हरवला. 2008 साली चालकासह गाडीचे किमान वजन 605 किलो होते, 2025 साली ते 800 किलो झाले. यात हेलोचा आणि टक्कर सोसणाऱ्या भागांचा वाटा आहे, पण हायब्रिड इंजिन, बॅटरी, मोठी चाके आणि लांबलेला सांगाडा यांचा फार मोठा आहे. पाच मीटरहून लांब गाडी मोनॅकोच्या गल्ल्यांत दुसऱ्या गाडीच्या बाजूला घालायची तरी कुठे? शिवाय पुढच्या गाडीमागची हवा इतकी ढवळलेली असते की मागच्या गाडीची रस्त्यावरची पकड वळणातच सुटते आणि टायर तापून निकामी होतात. 2026 च्या नियमांनी गाड्या थोड्या आखूड, अरुंद आणि हलक्या केल्या आहेत आणि मला ती दिशा योग्य वाटते.

आपली एक तक्रार मात्र मी मान्य करतो. 2021 साली स्पा येथे प्रेक्षक तासन्‌तास पावसात ताटकळले आणि शेवटी सेफ्टी कारच्या मागे मोजक्या फेऱ्या मारून 'शर्यत' झाली असे जाहीर करून निम्मे गुण वाटले गेले. त्या पावसात गाड्या न सोडण्याचा निर्णय बरोबरच होता, कारण दोनच वर्षांपूर्वी त्याच ट्रॅकवर फॉर्म्युला टू या खालच्या श्रेणीतील चालक आंत्वान ह्युबेर यांनी प्राण गमावले होते. पण जी शर्यत झालीच नाही तिचे गुण देणे ही प्रेक्षकांची फसवणूक होती. नंतर नियम बदलावे लागले ते उगाच नाही.

आणि काम संपले आहे असेही नाही. 2014 साली जपानमधील सुझुका येथे चालक जूल बियाँकी यांची गाडी पावसात घसरून ट्रॅकलगत उभ्या असलेल्या क्रेनवर आदळली आणि पुढच्या वर्षी जुलैमध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर सर्वांना वेग कमी करायला लावणारी व्हर्च्युअल सेफ्टी कार आली. तरीही 2022 साली, त्याच सुझुकात, तशाच पावसात, चालक पिएर गॅस्ली उडणाऱ्या पाण्याच्या पडद्यातून जात असताना त्यांच्या अगदी बाजूला ट्रॅकवर गाड्या उचलणारे तसेच एक वाहन होते. रेडिओवरचा त्यांचा संताप मी ऐकला आणि तो मला पूर्णपणे रास्त वाटला.

आताच्या चालकांचे धाडस पाहायचे असेल, तर अपघातांच्या संकलित चित्रफिती पाहू नका. ग्रोजाँ यांचा अपघात त्या रात्री पुन्हा पुन्हा दाखवला गेला, तेव्हा त्यांच्यासोबत शर्यतीत असलेल्या डॅनियल रिकार्डो यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती आणि मी त्यांच्याशी सहमत आहे. त्याऐवजी 2018 च्या सिंगापूर शर्यतीतील लुईस हॅमिल्टन यांची पात्रता सत्रातील सर्वांत वेगवान फेरी गाडीतील कॅमेऱ्यातून पाहा. 1 मिनिट 36.015 सेकंद, 23 वळणे, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती आणि डोळ्यांसमोर तोच नुकताच आलेला हेलो. आवाज मोठा ठेवा आणि भिंत व चाक यांच्यामधल्या जागेवर नजर ठेवा. ती फेरी पाहिल्यानंतरही आपले मत तेच राहिले, तर प्रतिसादात जरूर लिहा. मी वाचेन.