पोटासाठी मॅक्स ब्रँड, कवितेसाठी फाउस्ट

प्रश्न : मला काउबॉयच्या जुन्या कादंबऱ्यांचा नाद आहे. मॅक्स ब्रँड आणि जॉर्ज ओवेन बॅक्स्टर हे एकच लेखक, असं कानावर आलं. खरं का? आणि मग दोन नावं कशाला?

उत्तर : खरं आहे, आणि दोनच कुठे, वीसच्या आसपास नावं होती! डेव्हिड मॅनिंग, इव्हान इव्हान्स, पीटर हेन्री मोरलंड, सगळा तोच. माझ्या कपाटात तीन नावांची पुस्तकं कित्येक वर्षं शेजारी-शेजारी होती, तरी मला पत्ता नव्हता.

खरं नाव फ्रेडरिक फाउस्ट. जन्म १८९२चा, सिएटलचा. आईवडील लवकर गेले. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात दुसऱ्यांच्या शेतांवर राबत तो वाढला, पुढे बर्कलेला शिकला, पण पदवी हाती आली नाही. १९१७पासून न्यूयॉर्कच्या स्वस्त मासिकांत त्याच्या कथा येऊ लागल्या. पैसे मिळायचे ते शब्दांवर, त्यामुळे हात थांबवून चालायचं नाही. ‘वेस्टर्न स्टोरी मॅगझिन’च्या एकेका अंकात त्याच्या दोन-दोन, तीन-तीन कथा असत. सगळ्यांवर एकच नाव कसं छापणार? शिवाय सुरुवातीला पहिलं महायुद्ध चालू होतं, अमेरिका जर्मनीविरुद्ध लढत होती आणि ‘फाउस्ट’ हे आडनाव अस्सल जर्मन.

पण माझ्या मते खरं कारण वेगळं. त्याला व्हायचं होतं कवी. ‘फ्रेडरिक फाउस्ट’ हे नाव त्याने कवितांसाठी राखून ठेवलं होतं. काउबॉयच्या कथा म्हणजे त्याच्या लेखी पाट्या टाकणं. गंमत बघा, अ‍ॅरिझोनाच्या उन्हातले हे घोडेस्वार त्याने कित्येक वर्षं इटलीत, फ्लॉरेन्सच्या बंगल्यात बसून रंगवले. सकाळ कवितेची, दुपार टाइपरायटरची. म्हणूनच त्याच्या वाळवंटाला नकाशा नसतो, आणि नायक ग्रीक पुराणातून उठून आल्यासारखे वाटतात.

‘डेस्ट्री राइड्स अगेन’ ही कादंबरी त्याचीच, डॉ. किल्डेअर हे गाजलेलं तरुण डॉक्टरचं पात्रही त्याचंच. १९४४मध्ये, पन्नाशी उलटलेली, हृदय अधू, तरी हा गृहस्थ ‘हार्पर्स’ मासिकाचा युद्धवार्ताहर म्हणून पायदळासोबत पुन्हा इटलीतच गेला. मे महिन्यात सांता मारिया इन्फान्ते या गावावरच्या हल्ल्यात तो मारला गेला. वय ५१. लिहून ठेवलेलं इतकं होतं, की नवी पुस्तकं त्यानंतरही कित्येक वर्षं निघत राहिली.

प्रश्न : सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करू?

उत्तर : ‘द अनटेम्ड’, १९१९. शीळ घालत हिंडणारा डॅन बॅरी, त्याचा काळा घोडा सेटन आणि लांडग्यासारखा कुत्रा ब्लॅक बार्ट. तिघं एकमेकांशी न बोलता बोलतात. कथानकात योगायोग ढीगभर आहेत, पण पहिल्या दहा पानांनंतर तक्रार करायला उसंत मिळत नाही.

त्याच्या कवितांचं पुस्तकही मी हट्टाने मिळवलं होतं. चार पानं वाचली आणि डॅन बॅरीकडे परतलो.