दोन बंद मशीनमधून काय वाचवाल?

प्रश्न : मार्केट यार्डात बाबांचं हळदीचं अडत दुकान आहे. तिथला २०१० साली घेतलेला कॉम्प्युटर आता घरी आणलाय. कोअर टू ड्युओ, जी-४१ चा मदरबोर्ड, २ जीबी रॅम. सुरू होतो, पण दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बंद पडतो. तारीखही रोज मागे जाते. ओळखीच्या भंगारवाल्याने दोन बंद मशीन दिलीत. त्यातलं एक कोरडं, दुसरं २०१९ च्या पुरात भिजलेलं. यातलं काय काढून लावता येईल? मुलीला अकरावीच्या अभ्यासाला हवाय आणि नवीन घेणं आत्ता शक्य नाही.
– एक वाचक भगिनी, माधवनगर

उत्तर : ताई, आधी काहीच बदलू नका. प्लग काढा, कॅबिनेटची बाजू उघडा आणि प्रोसेसरवरच्या पंख्याखाली टॉर्च मारून बघा. यार्डातली मशीन मी गेली बावीस वर्षं उघडतोय. हळदीची भुकटी हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांत शिरते, पावसाळ्यात दमट होते आणि तिचा पिवळा थर असा घट्ट बसतो की नखाने खरवडावा लागतो. मग वारा जायला जागाच राहत नाही, प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून मशीन बंद होतं. तुमचा आजार बहुतेक हाच आहे. मऊ ब्रशने साफ करा. ब्लोअर मारणार असाल तर पंखा बोटाने धरून ठेवा. हीटसिंक काढलंत तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा, तुरीच्या दाण्याएवढी पुरे. हीटसिंकच्या चार कोपऱ्यांतल्या प्लास्टिकच्या पिना इतक्या वर्षांनी कडक होऊन मोडतात. त्या मोडल्या, तर भंगारातल्या मशीनचं हीटसिंक कामाला येईल. फक्त त्याचं सॉकेटही, म्हणजे प्रोसेसर बसतो ती बोर्डवरची जागा, तुमच्यासारखं ७७५ चंच हवं. तारीख मागे जाते ती बोर्डवरच्या सेलमुळे. सीआर-२०३२ मागा, घड्याळवाल्याकडेही मिळतो.

आता पुरातलं मशीन. त्याचा बोर्ड आणि एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) कितीही चांगला दिसला तरी लावू नका. हे मी अंगावर घेऊन शिकलोय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये माझं दुकान चार दिवस पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर गिऱ्हाइकांचे बोर्ड धुतले, स्पिरिटने पुसले, गच्चीवर वाळवले. एक सुरू झाला. मी आनंदाने तो दहावीतल्या एका मुलाच्या घरी पोचवला. तीन महिन्यांनी डिस्प्ले गेला. रॅमचा स्लॉट उपसून बघितला, तर पिनांच्या मुळाशी हिरवट बुरशीसारखा गंज चढलेला. गाळ तिथे राहिला होता, मला दिसला नव्हता. त्यांचे पैसे परत केले, पण ऐन परीक्षेच्या तोंडावर मुलाचं मशीन गेलं ते गेलंच. तेव्हापासून पार्ट किती जुना आहे यापेक्षा तो पाण्यात होता का, हे मी आधी विचारतो. त्या मशीनचे स्क्रू आणि कॅबिनेटचे पत्रे तेवढे ठेवा.

कोरड्या मशीनमधून आधी रॅम काढा. जी-४१ चे बोर्ड डीडीआर-२ आणि डीडीआर-३ अशा दोन्ही प्रकारांत आले. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे जी बसत नाही ती दाबू नका. डीडीआर-३ ची ४ जीबीची स्टिक असेल तर चिप मोजा. दोन्ही बाजूंना आठ-आठ, म्हणजे सोळा हव्यात. आठच चिपवाली ४ जीबीची स्टिक जी-४१ या चिपसेटवर (बोर्डवरच्या मुख्य चिपवर) चालत नाही आणि लोक उगाच बोर्डाला दोष देतात. लावण्याआधी सोनेरी पट्ट्या शाळेतल्या खोडरबरने पुसा. डिस्क बोर्डाला जोडणारी साटाची केबलही काढून ठेवा, लागेल.

साफ करूनही मशीन बंद पडत असेल तर कोरड्या मशीनचा एसएमपीएस लावून बघा, पण त्याचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.

पैसे खर्च करायचे ते एकाच वस्तूवर, नव्या २४० किंवा २५६ जीबीच्या एसएसडीवर, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कवर. या बोर्डाचा साटा जुना असला तरी फरक लगेच जाणवेल. भंगारातल्या हार्डडिस्कवर मुलीचा अभ्यास ठेवू नका, ती कधी बसेल सांगता येत नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ची नवी आवृत्ती या प्रोसेसरवर चालत नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाका. ते फुकट आहे, मराठी टायपिंग होतं आणि ४ जीबी रॅमवर नीट चालतं. यूट्यूबवरचे तास ४८० च्या क्वालिटीवर लावा, म्हणजे अडकणार नाहीत.

कोरड्या मशीनमध्ये कोअर टू क्वाड निघाला तर तो तुमच्याकडे बसू शकतो, पण बोर्डाने त्याला ओळखायला हवं. बोर्डवर स्लॉटांच्या मध्ये मॉडेल नंबर छापलेला असतो. तो आणि प्रोसेसरवरचा नंबर लिहून पाठवा, मी बघून कळवतो.